पोचेल ते औषध

सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे, हे एटापल्ली तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पहिल्या पावसात ओहोळ तांबडे वाहतात आणि हातात घेतलेला दगड दिसतो त्याहून जड लागतो. जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला माणसं त्या डोंगरावर जातात, आणि आता तिथूनच लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीच्या दिशेनं उतरत असतात. हे खनिज म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचा एक ऑक्साइड. मी एटापल्लीत वाढले. वडील वनविभागात होते. शिकण्यासाठी आधी नागपूर, मग मुंबई अशी दूर जात गेले, आणि शेवटी ज्या पदार्थावर माझं सगळं काम उभं राहिलं तो पुन्हा लोखंडाचाच ऑक्साइड निघाला. कर्करोग शोधण्यासाठी आणि त्यावर उपचार करण्यासाठी मी त्याचे नॅनोकण बनवते.

कृती ऐकायला सोपी आहे. फेरस क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड एकास दोन या प्रमाणात पाण्यात विरघळवायचे. हवेतला ऑक्सिजन मध्ये येऊ नये म्हणून नायट्रोजन सोडत राहायचा, द्राव तापवायचा आणि ढवळत ढवळत अमोनिया घालायचा. तपकिरी द्राव डोळ्यांदेखत काळाभोर होतो. तो काळा रंग मॅग्नेटाइटच्या कणांचा. रेने मासार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1981 मध्ये ही वाट घालून दिली आणि आजही जगभरातल्या प्रयोगशाळा तिच्यावरून चालतात. माझे कण साधारण 10 नॅनोमीटरचे असतात. माणसाच्या केसाची जाडी 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा.

इतक्या लहान आकारात लोखंडाच्या ऑक्साइडचा स्वभाव बदलतो. जवळ चुंबक आणलं की कण ताबडतोब ओढले जातात, आणि चुंबक दूर केलं की त्यांच्यातलं चुंबकत्व मागे उरत नाही. त्यामुळे चुंबकत्वानं एकमेकांना चिकटून त्यांची गुठळी होत नाही, म्हणूनच ते रक्तात सोडण्याचा विचार करता येतो. एमआरआयच्या यंत्रात हे कण जिथे जमतात ती जागा चित्रात काळी पडते. निरोगी यकृतातल्या काही पेशी हे कण गिळून टाकतात, पण कर्करोगाच्या गाठीत त्या पेशी नसतात. त्यामुळे काळ्या पडलेल्या यकृतात गाठ उजळ उठून दिसते. या तत्त्वावरच्या औषधाला अमेरिकेत 1996 मध्ये परवानगी मिळाली होती. पुढे मागणी नाही म्हणून ते बाजारातून गेलं.

दुसरा उपयोग उपचाराचा. हेच कण गाठीत सोडून बाहेरून वेगानं दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावलं की कण तापतात. गाठीचं तापमान 42 ते 45 अंशांपर्यंत नेता आलं तर कर्करोगाच्या पेशी खचतात आणि नंतर दिलेले किरण त्यांच्यावर जास्त परिणाम करतात. मेंदूतल्या गाठींसाठी बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीच्या अशा उपचाराला युरोपात 2010 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे आयआयटी मुंबईत धीरेंद्र बहादूर यांनी, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांनी आणि कोल्हापुरात शि. ह. पवार यांच्या गटानं चुंबकीय कणांवर मोठं काम उभं केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं 2004 मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवून दाखवले. असे सोन्याचे कण अवरक्त प्रकाश शोषून तापू शकतात, म्हणून कर्करोगावर काम करणाऱ्यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. महाराष्ट्रात या विज्ञानाची परंपरा आहे आणि मी तिच्यातच घडले. हे सगळं मी अभिमानानं सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते या विज्ञानावरच्या प्रेमातूनच येतं.

माझी शाळेतली मैत्रीण आमच्या तालुक्यात आरोग्य विभागात आहे. सुट्टीत घरी गेले की ती मला मुख तपासणी शिबिरांना सोबत नेते. मी डॉक्टर नाही. नावं लिहिणं, माणसांना रांगेत बसवणं, टॉर्च धरणं, एवढंच माझं काम. कधी कसनसूरकडे, कधी गट्ट्याकडे. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की ठरलेलं शिबिर पुढे ढकलावं लागतं, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असला की गावात म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतात.

गडचिरोली-चंद्रपूरकडे खर्रा काय असतो ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, घोटून घोटून एकजीव करतात आणि पुडी बांधून विकतात. ती दिवसभर गालात धरली जाते. बायाही खातात आणि शाळकरी पोरंही. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा हातानं घोटला जातो, त्यामुळे तो पानठेल्यावरही मिळतो आणि घरीही होतो. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं 2016 पासून जिल्ह्यात मुक्तिपथ अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतं आहे. शिबिरांत भेटणाऱ्या बायकांच्या बोलण्यात अभियानाच्या बैठकांचा उल्लेख येतो.

तपासणीत पहिली गोष्ट सोपी असते. तोंड उघडायला सांगायचं आणि उभी तीन बोटं आत जातात का ते पाहायचं. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, मग दोन बोटं जातात, मग एक. काहींना भाताचा घास नीट घेता येत नाही. मग टॉर्चच्या उजेडात गाल, जीभ, हिरड्या बघायच्या. पांढरा चट्टा, लाल चट्टा, महिना झाला तरी न भरणारी जखम. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सगळ्यांत जास्त आढळतो, आणि या रोगाची सुरुवात बहुतेक वेळा उघड्या डोळ्यांना दिसते. त्यासाठी एमआरआय लागत नाही. माझे कणही लागत नाहीत.

पहिल्या काही शिबिरांत हा विचार मला फार जड गेला. प्रयोगशाळेत आम्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी पकडण्यासाठी वर्षानुवर्षं खपतो, आणि इथे टॉर्चनं दिसणारी जखम वर्षभर कुणी बघितलेलीच नसते.

गट्ट्याकडच्या एका शिबिरात पन्नाशीतले एक काका आले होते. गालात आत जखम होती आणि जबड्याखाली गाठ. आशाताई माडियातून विचारत होत्या आणि आम्हाला मराठीत सांगत होत्या. मैत्रिणीनं गाठीला हात लावून बघितला आणि लगेच म्हणाली, "काका, तुम्हाला नागपूरला जावं लागेल."

त्यांनी आशाताईंकडे बघून काही विचारलं. आशाताईंनी ते आम्हाला सांगितलं, "ते म्हणतात, गाठ दुखत नाही. मग नागपूरला कशाला?"

"दुखत नाही म्हणूनच," मैत्रीण म्हणाली.

एटापल्लीहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आधी आलापल्ली, मग आष्टी. तिथे वैनगंगा ओलांडून चंद्रपूरकडे जायचं, नाहीतर गडचिरोलीवरून नागपूर गाठायचं. एकट्यानं जाणं होत नाही, सोबत कुणीतरी लागतं. म्हणजे दोघांची मजुरी बुडते आणि घर, गुरं, धान शेजाऱ्यावर सोडावं लागतं. उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतो, पण तपासणीसाठी थांबण्याचे दिवस, नातेवाइकाचं जेवण आणि परत येण्याची काळजी कुठल्याच योजनेच्या कार्डात मावत नाही. काका गेले. आशाताई त्यांच्यासोबत आलापल्लीपर्यंत गेल्या. पुढचं मी लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे.

त्या गाठीमुळे माझ्या कामाला मात्र नवी दिशा मिळाली. तोंडाचा कर्करोग पसरतो तो आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शल्यचिकित्सकांनी त्याची दखल घेतली. तोंडात लवकरच्या अवस्थेतला कर्करोग, पण मानेत गाठ लागत नाही, अशा रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात वाट पाहिली आणि गाठ दिसली तरच काढल्या. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले 80 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले 67.5 टक्के. हाताला न लागणारा रोग मानेत आधीच बसलेला असू शकतो, हे त्या आकड्यांनी ठामपणे दाखवलं. दूरच्या रुग्णासाठी त्यात आणखी एक अर्थ आहे. "महिन्यानं परत या, बघू," हा सल्ला एटापल्लीच्या माणसाला पाळता येतोच असं नाही.

पण सगळ्यांच्याच मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर ज्यांच्यात रोग पसरलेला नाही त्यांनाही ती मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागते, आणि पुढे खांदा उचलायला त्रास होऊ शकतो. म्हणून गाठीतून निघणारा रस पहिल्यांदा ज्या ग्रंथीत पोचतो ती हेरून, तेवढीच काढून तपासायची अशी पद्धत आहे. ती हेरण्यासाठी गाठीभोवती नॅनोकणांचा द्राव टोचतात. हे कण लसिकावाहिन्यांतून वाहत जातात आणि पहिल्या ग्रंथीत अडकतात. मोठे कण टोचल्या जागीच बसून राहतात, फार लहान कण पुढे निसटतात. आकाराचं महत्त्व इतकं थेट दाखवणारा दुसरा उपयोग मला माहीत नाही.

सर्वत्र रुळलेल्या पद्धतीत या कणांवर टेक्नेशियम 99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य बसवलेलं असतं. त्याचा अर्धायुकाल 6 तासांचा. सहा तासांत किरणोत्सार निम्मा, बारा तासांत पाव, आणि एका दिवसात सोळावा भाग. ज्या शहरात अणुवैद्यक विभाग आहे तिथे हे उत्तम चालतं. नागपुरात भरलेली बाटली रस्त्यावर असतानाच संपत जाते. लोहकणांना मात्र घड्याळाचं बंधन नाही. ते किरणोत्सारी नसतात, आणि ग्रंथीत बसले की हातात धरायच्या चुंबकीय शोधकानं सापडतात. स्तनाच्या कर्करोगासाठी अशा द्रावाला अमेरिकेत 2018 मध्ये परवानगी मिळाली. तोंडाच्या कर्करोगात हे काम अवघड आहे. जिभेतली गाठ आणि मानेतली ग्रंथी जवळजवळ असल्यानं टोचल्या जागेचा संकेत ग्रंथीच्या संकेतावर कुरघोडी करतो. शस्त्रक्रियेची लोखंडी हत्यारं शोधकाला फसवतात. कण शरीरात बराच काळ राहिले तर पुढच्या एमआरआयमध्ये ती जागा काळी दिसत राहते. या अडचणी सुटण्याजोग्या आहेत, आणि सोडवण्याजोग्या तर नक्कीच आहेत.

तेव्हापासून मी माझ्या कणांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. आमच्या क्षेत्रात कण बनवला की त्याचा आकार, त्याचं चुंबकत्व, त्याची उष्णता मोजतात आणि शोधनिबंध लिहितात. तो कण कपाटात किती टिकतो हे शेवटच्या तक्त्यात येतं, आणि तेही बहुधा फ्रिजमधल्या नोंदीनं. मी कणांच्या कुप्या एटापल्लीला नेल्या. काहींवर सायट्रिक आम्लाचा लेप होता, काहींवर डेक्स्ट्रानचा. काही पाण्यात होत्या, काही ट्रेहॅलोज साखरेसोबत गोठवून कोरड्या केलेल्या. औषध कुठल्याच कुपीत नव्हतं. घरातल्या साध्या लाकडी कपाटात त्या उन्हाळाभर ठेवल्या. आमच्या भागात मे महिन्यात उकाडा किती असतो आणि वीज किती वेळा जाते हे वेगळं सांगायला नको.

मुंबईला परत आणून मोजल्यावर चित्र स्पष्ट होतं. पाण्यात ठेवलेल्या कणांचे घोस झाले होते आणि काही कुप्यांत तळाला गाळ बसला होता. साखरेसोबत कोरडे केलेले कण मात्र पाणी घालून हलवताच पुन्हा मोकळे झाले. कणांच्या मधे साखर उभी राहते आणि त्यांना एकमेकांपाशी जाऊ देत नाही. हे तंत्र नवं नाही, औषधनिर्मितीत ते माहीतच आहे. माझ्यासाठी नवं होतं ते मोजण्याचं ठिकाण. मुंबईच्या फ्रिजमध्ये सगळे कण चांगलेच होते. एटापल्लीच्या कपाटानं त्यांतले निवडून दिले.

नॅनोऔषधांच्या जगात पोचण्याचा प्रश्न जुनाच आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे लहान कण तिथे झिरपून साठतात, हे जपानच्या हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी 1986 मध्ये मांडलं. त्या कल्पनेवर हजारो शोधनिबंध निघाले. 2016 मध्ये टोरांटोतल्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणारा भाग मध्यम मानानं 0.7 टक्के निघाला. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. या आकड्यानं आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली, आणि ती योग्यच होती. पण तो आकडा सुरू होतो सुई टोचल्यानंतर. सुईपर्यंत किती माणसं पोचतात, आणि कुठल्या अवस्थेत, हे मोजणं त्यात नाही. माझ्या दृष्टीनं तो हिशेब एकच आहे. औषध बाटलीतून पेशीपर्यंत आणि माणूस गट्ट्याहून खाटेपर्यंत, या दोन्ही प्रवासांत जे गळतं त्यानंच उपचाराचं यश ठरतं.

असं पोचलेलं एक औषध माझ्या तालुक्यात आहे. ग्रामीण रुग्णालयात एका गरोदर बाईला शिरेतून गडद तपकिरी औषध चढत होतं. ते होतं आयर्न सुक्रोज. लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे काही नॅनोमीटरचे गाभे आणि त्याभोवती साखर, अशी त्याची रचना असते. शास्त्राच्या भाषेत तो नॅनोकणच. सिस्टरनी कुपी फोडली, सलाइनमध्ये मिसळली, बाईच्या तोंडाकडे लक्ष ठेवत हळूहळू सोडली. त्यांना नॅनो हा शब्द लागला नाही. हे औषध साध्या कपाटात राहतं, त्याची किंमत सरकारी खरेदीत बसते आणि ते देण्याचं शिक्षण तालुक्याच्या ठिकाणी देता येतं. या तीन गोष्टींमुळे ते तिथवर आलं.

आता त्याच्या शेजारी लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन ठेवून बघा. चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेल्या या औषधाला अमेरिकेत 1995 मध्ये परवानगी मिळाली, आणि कर्करोगाच्या नॅनोऔषधांचं युग तिथून सुरू झालं. पिशवीमुळे हृदयावरचा ताण कमी होतो. 2012 मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तिथे मागवलं गेलं. आपण जगाला पुरवू शकतो, हे त्या प्रसंगानं सिद्ध केलं. मात्र हे औषध 2 ते 8 अंशांतच ठेवावं लागतं आणि गोठूही द्यायचं नसतं. मुंबईहून समुद्रापार जाण्याची त्याची सोय झाली. आलापल्ली ओलांडण्याची सोय कुणी विचारातच घेतली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कर्करोगासाठी नवा पदार्थ बनवताना तो कुठल्या कपाटात राहणार, कुठली सिस्टर तो हाताळणार आणि त्यासाठी रुग्णाला किती फेऱ्या माराव्या लागणार, हे पहिल्या दिवशी विचारलं पाहिजे. कण तयार झाल्यावर विचारून भागत नाही, कारण लेप कुठला द्यायचा, कोरडं कसं करायचं, किरणोत्सारी मूलद्रव्य लावायचं की लोखंडावर भागवायचं, हे निर्णय तोवर होऊन गेलेले असतात. हे दुय्यम दर्जाचं विज्ञान नव्हे. पंचेचाळीस अंशांत महिनोन्‌महिने मोकळा राहणारा कण बनवणं हे सुंदर चित्र देणारा कण बनवण्याइतकंच कठीण रसायनशास्त्र आहे, आणि मी आता त्यालाच वाहून घेतलं आहे. माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनाही कण बनला की मी आधी उन्हाळ्यातल्या टिकाऊपणाचे आकडे मागते. चुंबकत्वाचे आकडे त्यानंतर.

त्याच वेळी एक गोष्ट कुठल्याही कणाआधी व्हायला हवी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड वर्षातून एकदा टॉर्चनं बघितलं गेलं पाहिजे. संशय आला तर तुकडा तालुक्यातच काढून फॉर्मलिनच्या बाटलीत पुढे पाठवता येतो. बाटली प्रवास करू शकते, तिची मजुरी बुडत नाही. 9 ऑक्टोबर 2024 रोजी गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथे निदान पक्कं होऊ लागलं की नागपूरची पहिली फेरी वाचेल, आणि अनेकांच्या बाबतीत ती पहिली फेरीच कधी घडलेली नसते. गाठ मानेत उतरण्याआधी माणूस सापडला, तरच पहिली ग्रंथी हेरणाऱ्या माझ्या लोहकणांना काही काम उरतं.

पुढच्या शिबिरांनाही मी जाणार आहे. टॉर्च धरायला माणूस लागतोच, आणि माझ्या कपाटात नव्या कुप्याही ठेवायच्या आहेत.